पेशंटने डायलिसिस बंद केलंय, आज चौथा दिवस. घरी भेटायला जाऊ का?

डायलिसिस_स्टाफ_सोलापूर
बुधवार, रात्री ११:४०

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापुरात एका हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटला स्टाफ आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, सहा वर्षं याच डिपार्टमेंटला. लिहिणं लांबणार आहे आणि उत्तर लवकर पाहिजे, म्हणून प्रश्न आधीच लिहिते. माझी एक पेशंट आहे, सत्तरीच्या आसपासच्या आजी, त्यांनी स्वतःहून डायलिसिस बंद केलंय. लघवी जवळजवळ होतच नाही त्यांना. अशा पेशंटचं बंद केल्यावर आयुष्य आठवडा, फार तर दोन आठवडे, हे आपल्यातल्यांना सांगायला नको. आज चौथा दिवस. मला त्यांना घरी जाऊन भेटायचंय. इन्चार्ज सिस्टर म्हणतात जायचं नाही. जाऊ का नको, आणि गेले तर तिथं बोलू काय?

आता मागचं सांगते. डायलिसिस म्हणजे वॉर्डासारखं नसतं हो. वॉर्डात पेशंट पाच दिवस राहतो, डिस्चार्ज होतो, महिन्यानं रस्त्यात भेटला तर आपण ओळखत पण नाही. आमच्याकडं तोच माणूस आठवड्यातून दोनदा नाहीतर तीनदा, चार-चार तास, आणि असं वर्षानुवर्षं. आम्हाला प्रत्येकाचं ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, पाठ असतं आणि कुणाच्या मुलीचं लग्न कुठं अडलंय ते पण पाठ असतं.

आजी विडी कामगार, कुंभारीच्या घरकुलात राहतात, घरी तेलुगू बोलतात आणि आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. जन्मभर विड्या वळल्या. कंबर दुखली की मेडिकलमधून गोळी आणून खायची, बीपीची गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून सोडून द्यायची, असं करत करत किडन्या गेल्या, अशा किती बायका येतात आमच्याकडं. मशीनवर झोप लागली की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं आपोआप वळायला लागायची, पान नाही तंबाखू नाही, तरी चार तास विड्या चालू. डावा हात फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून नस जोडलेला, तो मात्र एकदम गप्प पडलेला असायचा, तो हलवायचा नाही एवढं त्यांना झोपेत पण कळायचं.

मागच्या वर्षी जानेवारीत माझी आई गेली. गड्ड्याची यात्रा चालू होती, मला नाईट होती, इमर्जन्सी डायलिसिस लागलं होतं आणि फोन लॉकरमध्ये. आई गावाकडं, मोहोळ तालुक्यात. सकाळी ओव्हर देऊन फोन बघितला तर भावाचे १४ मिसकॉल. अर्धांगाचा झटका होता. मी पोचले तोवर संपलं होतं सगळं. रात्रभर मी दर अर्ध्या तासाला एका अनोळखी माणसाचं बीपी लिहीत होते, तो कागद अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही, वेळा सुद्धा आठवतात मला.

तेरावं करून ड्युटीला आले, युनिटमध्ये कुणाशी काही बोलले नाही, आणि पहिलीच पेशंट ह्या आजी. सहा वर्षं सुया टोचतेय मी, त्या दिवशी हात कापला. सुई पलीकडून गेली, रक्त आत पसरलं, बघता बघता दंड फुगून निळा झाला. त्यांचा मुलगा ओरडला, त्याचं बरोबरच होतं, दुसरी स्टाफ पुढं आली. आजी म्हणाल्या, हिलाच टोचू दे. बर्फ लावला, थांबलो, मग वरच्या बाजूला मीच टोचलं. मशीन चालू झाल्यावर त्यांनी मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "बिड्डा, तिन्नवा?" म्हणजे पोरी, जेवलीस का. आई गेल्यापासून तेरा दिवस मला सगळ्यांनी धीर धर, धीर धर म्हणलं होतं. जेवलीस का असं कुणी विचारलंच नव्हतं. मी स्टोअर रूममध्ये जाऊन रडले आणि मग डबा खाल्ला.

तेव्हापासून दर खेपेला तेच. बिड्डा, काय करूलालीस, तिन्नवा?

यंदा उन्हाळ्यात त्यांचा फिस्टुला बंद पडला. मग मानेत नळी घातली, नळीला इन्फेक्शन, ॲडमिट, थंडी वाजून ताप, ती नळी काढली, दुसरी घातली, परत तेच. त्यानंतर एक दिवस ड्रेसिंग करताना मला म्हणाल्या, नको आता. मी म्हणलं मुलाला सांगा, डॉक्टरांना सांगा. तर म्हणाल्या तूच सांग. मी सांगितलं, ते माझं कामच होतं. डॉक्टर त्यांच्याशी दोन वेळा बोलले, एकदा एकटीशी, एकदा घरच्यांसमोर. मनानं खचून तर म्हणत नाहीत ना हे पण तपासून घेतलं. आजी हलल्या नाहीत. आणि मग कॉरिडॉरमध्ये त्यांचा मुलगा सगळ्यांसमोर मला म्हणाला, तुम्हीच तिच्या डोक्यात घातलंय. तक्रार पण केली.

इन्चार्ज सिस्टर माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या, हे पण लिहिलंच पाहिजे. पण नंतर आत बोलवून म्हणाल्या, तू फार गुंतलीस, प्रोफेशनल राहा, त्या घरी पाय ठेवायचा नाही, नाहीतर डिपार्टमेंट बदलून घे. सोमवारपासून आजींच्या खुर्चीवर दुसरा पेशंट घेतलाय. घ्यावाच लागतो, वेटिंग एवढं आहे.

एक गोष्ट कुणालाच बोलले नाही, इथं लिहिते. आजी नको म्हणाल्या त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते, बरं झालं, सुटतील. आता रात्री झोपताना वाटतं की मी त्यांच्यात आईला बघत होते का, आणि मुलगा म्हणतोय त्यात काही खरं तर नाही ना.

-----

बार्शीचा_ब्रदर
बुधवार, रात्री १२:२५

ताई, आयसीयूला नऊ वर्षं आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. असंच उठून जाऊ नका. पेशंट कुठल्याही क्षणी जाऊ शकतो, तुम्ही तिथं असताना गेला तर ज्यानं एकदा तक्रार केलीय तो दुसऱ्यांदा काय म्हणेल? सिस्टर घरी आली, काहीतरी दिलं आणि आई गेली. मग तुमची इन्चार्ज पण काही करू शकणार नाही. तिला जे दिसतंय ते तुम्हाला आत्ता दिसत नाहीये.

जायचंच असेल तर आधी मुलाला फोन. तो हो म्हणाला तरच. युनिफॉर्म नको, बॅगेत एक सिरिंज सुद्धा नको, सुट्टीच्या दिवशी जा आणि इन्चार्जला सांगून जा, चोरून नाही.

आणि गुंतण्याचं म्हणाल तर २०२१ ला दुसऱ्या लाटेत मी काय काय केलंय ते लिहितो. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, तर मी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायचो. पीपीई किटमध्ये, घामानं चष्मा धुरकट झालेला, एका हातात फोन धरून. कितीतरी लोकांनी आपल्या माणसाला शेवटचं माझ्या फोनवर बघितलंय. नंतर दीड-एक वर्ष मला फोनची रिंग वाजली की छातीत धडधडायचं, घरी बायकोवर ओरडायचो, मुलीनं मांडीवर बसायचं सोडलं होतं. शेवटी बायकोनंच सरकारच्या टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, १४४१६ लावून दिला, फुकट आहे, मराठीत बोलतात. पहिल्या कॉलला मी वीस मिनिटं नुसता रडलो. तिथून मग सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला गेलो, औषध चाललं सहा महिने.

तुमची आई जाऊन दीड वर्ष होत आलं आणि तुम्ही युनिटमध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही असं दिसतंय. मला आजींपेक्षा त्याची काळजी वाटली.

-----

निवृत्त_परिसेविका
गुरुवार, सकाळी ६:१०

पोरी, सकाळी उठल्या उठल्या वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा मेडिसिन वॉर्डाची परिसेविका म्हणून. तुझ्या इन्चार्जच्या खुर्चीवर मी बसलेली आहे आणि मी पण पोरींना हेच सांगायची, गुंतू नका. का सांगायची ते आता कळतं. रजा द्यायला माणूस नसायचं. एक पोरगी रडायला बसली की तिचे वीस पेशंट दुसरीच्या अंगावर. म्हणून सांगायचं, रडू नका. त्याला आम्ही प्रोफेशनल म्हणायचो.

जा. ब्रदरनी लिहिलंय ते सगळं पाळून जा, मुलाला फोन, इन्चार्जला कल्पना, हातात औषध नाही. पण जा.

डोक्यात घातलं म्हणतो ना तो मुलगा, तर शुद्धीत असलेल्या माणसाला उपचार नको म्हणायचा हक्क आहे. सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्कातलाच भाग आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१८ सालीच म्हणलंय. तू तिचा निरोप डॉक्टरांपर्यंत पोचवलास. तो पोचवला नसतास, दाबून ठेवला असतास, तर मात्र मी तुला बोलले असते. मुलाचं बोलणं मनावर घेऊ नकोस आणि त्याच्यावर रागावू पण नकोस, आईला आपण वाचवू शकत नाही हे त्याला अजून कुठं ठेवावं कळत नाहीये, तू समोर होतीस म्हणून तुझ्यावर ठेवलं.

आणि बरं झालं सुटतील असं वाटलं म्हणून झोप घालवू नकोस. ज्यांनी मानेतल्या नळीचं इन्फेक्शन जवळून बघितलंय, थंडीनं खाट हलताना बघितलीय, त्यांच्या मनात येतं ते. मला शेकडो वेळा आलंय आणि पुढच्याच मिनिटाला मी त्याच पेशंटचं सलाईन नीट केलंय.

तिथं गेल्यावर काय बोलू म्हणून विचारलंस. फार बोलायचं नसतं. घरच्यांना हात लावायची भीती वाटत असते, तेवढी काढून दे. उशाला दोन उशा देऊन डोकं वर ठेवायचं, म्हणजे दम कमी लागतो, आणि तोंडाजवळ हातपंख्यानं वारा घालायचा, त्यानं खरंच बरं वाटतं. तोंड कोरडं पडतं, तर स्वच्छ कापूस ओला करून ओठ आणि जीभ पुसायची, दर तासाला पुसली तरी चालेल. दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली मऊ कापडाची घडी. खाज सुटते, नखं कापून टाका. झोपेतच राहायला लागल्या, बोलेनाशा झाल्या तरी कानाशी बोलत राहायचं घरच्यांनी. मळमळ, दम, दुखणं वाढलं तर आपल्या मनानं गोळी द्यायची नाही, किडनी बंद असलेल्या माणसाला साधी वेदनेची औषधं पण अंगात साचून बाधतात, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्यायला सांग. हे घरच्यांना कुणी सांगितलंय का? बंद केलं म्हणजे सेवा संपली असं समजून बऱ्याचदा कुणी काही सांगतच नाही.

आईचं वाचून वाईट वाटलं गं. त्या रात्री तू ज्याचं बीपी लिहीत होतीस तो पण कुणाचा तरी बाप असेल, पण त्यानं तुझं दुःख कमी होत नाही, मला माहितीये, माझे वडील गेले तेव्हा मी लेबर रूमला होते. किती वर्षं मला नव्या बाळाचा आवाज आला की त्यांचीच आठवण यायची.

-----

खुर्ची_नंबर_६
गुरुवार, दुपारी ३:१५

सिस्टर, मी नर्स नाही, पेशंट आहे. तुमच्या युनिटचा नाही, सोलापुरातल्याच दुसऱ्या ठिकाणी पाच वर्षांपासून आठवड्यातून तीन दिवस मशीनवर असतो. झेडपीच्या शाळेत शिक्षक होतो. आत्ता पण डायलिसिस चालू असतानाच एका हातानं टाईप करतोय, चुका झाल्या तर समजून घ्या.

तुम्हाला वाटतं तुम्ही आम्हाला बघता. आम्ही पण चार तास तुम्हालाच बघत असतो, दुसरं बघायला असतं काय तिथं, भिंतीवरचं घड्याळ आणि तुम्ही. कुठली सिस्टर आज रडून आलीय, कुणाचं घरी भांडण झालंय, कुणाच्या पायात गोळे आलेत आणि तरी उभी आहे, सगळं कळतं. आजींना तुमची आई गेल्याचं कुणी सांगितलं नसेल पण त्यांना काहीतरी झालंय हे दारातून आत येतानाच कळलं असणार. हात फुगल्यावर हिलाच टोचू दे म्हणणं काय असतं ते मी सांगतो. फिस्टुला म्हणजे आमचा जीव आहे हो. झोपताना त्या हातावर कूस येऊ देत नाही, त्या हातात पिशवी धरत नाही, बीपी मोजू देत नाही, रोज सकाळी उठून आधी त्यावर बोटं ठेवून आतली थरथर लागते का बघतो आणि मगच देवाला हात जोडतो. असा हात त्यांनी फुगलेला असताना परत तुमच्या पुढं केला. आईनं लेकराच्या हातात कोयता द्यावा तसं आहे ते, कापून घेशील म्हणून भीती वाटतेच, पण दिल्याशिवाय पोर शिकणार कसं आणि कामाला लागणार कसं.

पाण्याचं पण लिहितो. एका डायलिसिसला माझ्या रक्ताशेजारून मशीनमधून १२० लिटर पाणी जातं, आमच्या टेक्निशियननी हिशोब करून दाखवला होता, मिनिटाला अर्धा लिटर. आणि मला दिवसाला प्यायला परवानगी एक लिटरच्या आत, त्यात चहा, आमटी, ताक सगळं धरून. आपल्या सोलापूरचा उन्हाळा, ४३-४४ डिग्री. घरात नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं तेव्हा सगळे घागरी भरायला पळतात आणि मी त्या धारेकडं बघत बसतो. बायको माझ्या पाण्याची बाटली मोजून ठेवते, तिच्यावर मी किती चिडलोय. आता कळतं की तहान मला लागायची आणि रात्री झोप तिला लागायची नाही. त्या मुलाचं मला म्हणून कळतं. त्यानं एवढी वर्षं आईचं पाणी मोजलं असेल, केळं हातातून काढून घेतलं असेल, शेंगाची चटणी ताटातून उचलली असेल, नारळपाणी कुणी आणलं तर परत पाठवलं असेल. एवढं सगळं करून आई म्हणते नको आता. तो कुणावर तरी ओरडणारच.

आता माझी तुम्हा सगळ्या सिस्टर लोकांकडं एक विनंती आहे. शेजारची खुर्ची रिकामी झाली की आम्ही विचारतो आणि तुम्ही सांगता, त्यांची शिफ्ट बदलली, ते पुण्याला मुलाकडं गेले. आम्हाला कळतं हो. पाच वर्षांत माझ्या डाव्या बाजूची चार माणसं पुण्याला गेली. खरं सांगत जा. दोन मिनिटं आम्हाला पण त्या माणसाबद्दल बोलू द्या, आम्ही आठवड्यातले बारा तास शेजारी काढलेत, भावाबरोबर पण एवढा वेळ बसलो नाही कधी.

भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, मी मुलांना दरवर्षी सहलीला न्यायचो. सोलापूरचा १९१० सालचा जन्म, १९३८ ला चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला गेले, १९४२ च्या डिसेंबरला ३२ व्या वर्षी तिथंच वारले, फिट्सचा आजार होता तरी काम सोडलं नाही, हे सगळं मुलांकडून पाठ करून घ्यायचो. त्यांची पत्नी गुओ चिंगलान नर्स होती हे मात्र मी एका ओळीत उरकायचो. नवरा गेला तेव्हा पदरात चार महिन्यांचं पण नसलेलं पोर. आणि ती बाई पुढं २०१२ पर्यंत जगली, त्यांच्या माणसांना भेटायला भारतात येत राहिली. आता खुर्चीवर पडल्या पडल्या मला तिचाच विचार जास्त येतो. शाळेत परत जाता आलं तर धडा तिच्यापासून सुरू करेन.

तुम्ही जा. मी त्या आजींच्या जागी असतो तर तुमची वाट बघितली असती.

-----

नर्सिंग_थर्ड_इयर
गुरुवार, संध्याकाळी ७:५०

मी बीएस्सी नर्सिंगला आहे, क्लिनिकल पोस्टिंग चालू आहे. आम्हाला शिकवतात की पेशंटला स्वतःचं दुःख सांगायचं नाही, नंबर द्यायचा नाही, गिफ्ट घ्यायचं नाही, घरी जायचं नाही. मग इथं सगळे जा म्हणताय तर नेमकं कुठं थांबायचं हे कसं कळणार? खरंच विचारतेय, मागच्या आठवड्यात माझ्या वॉर्डातली एक पेशंट गेली आणि मी दोन दिवस जेवले नाही.

-----

निवृत्त_परिसेविका
गुरुवार, रात्री ८:३०

थर्ड इयर, तुला शिकवतात ते बरोबर आहे, आत्ता तेच पाळ. मी एवढंच बघायची, की हे मी पेशंटसाठी करतेय का माझ्यासाठी. पेशंट मला धीर द्यायला लागला, माझ्या दुःखाची त्याला काळजी पडली, तर मी बाहेर जायची आणि मैत्रिणीजवळ बोलायची. आणि एकीसाठी करताना शेजारच्या बेडचं औषध चुकतंय का ते बघायचं. सोलापूरच्या त्या पोरीचा बाकी कुठला पेशंट मागं राहिल्याचं मला तिच्या लिहिण्यात दिसलं नाही, म्हणून जा म्हणलं. दोन दिवस जेवली नाहीस ते तुझ्या टीचरला सांग. आज जेवलीस का?

-----

बार्शीचा_ब्रदर
गुरुवार, रात्री ९:०५

खुर्ची नंबर ६ सर, शिफ्ट बदलली म्हणून मी पण सांगितलंय खूप वेळा. इथून पुढं नाही सांगणार.

-----

डायलिसिस_स्टाफ_सोलापूर
शुक्रवार, रात्री १०:२०

सगळ्यांचं वाचलं, काल रात्री तीन-चार वेळा वाचलं. जाऊन आले. सांगते.

सकाळी आधी इन्चार्ज सिस्टरना सांगितलं की मी मुलाला फोन करणार आहे आणि तो हो म्हणाला तर ड्युटी झाल्यावर जाणार आहे. आणि ब्रदर दादा, आईचं पण सांगितलं, १४ मिसकॉल सगळं. त्या काही बोलल्याच नाहीत बराच वेळ. मग म्हणाल्या, त्या महिन्यात तुला मी लागोपाठ सहा नाईट लावल्या होत्या की गं. मला ते आठवत पण नव्हतं, त्यांना आठवत होतं. मग म्हणाल्या, जा, पण पोचल्यावर फोन कर.

मुलाला फोन केला. नाव सांगितल्यावर एवढा वेळ शांतता होती की मला वाटलं कट झाला. मग म्हणाला, या.

कुंभारीला पोचायला पाच वाजले. एका खोलीत आजी खाली गादीवर, सून शेजारी, बाजूला विड्यांचं सूप तसंच अर्धं ठेवलेलं. आजी गुंगीत होत्या, श्वास जोरात. मी मॅडमनी लिहिलेलं एकेक करत गेले, उशा दिल्या, सुनेच्या हातात पंखा दिला, ओला कापूस कसा फिरवायचा ते दाखवलं, कूस बदलायला दोघींनी मिळून धरलं. सून म्हणाली आम्ही हात लावत नव्हतो, दुखेल म्हणून. मॅडम, तुम्ही म्हणलात तेच, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. दम वाढला तर काय, मळमळलं तर काय, हे डॉक्टरांना तिथूनच फोन लावून मुलाला स्वतःला बोलायला दिलं आणि त्यानं वहीवर लिहून घेतलं.

मुलगा सगळा वेळ दारात उभा. माझ्याशी एक शब्द नाही. कापूस फिरवताना आजींनी डोळे उघडले, मला ओळखलं का नाही मी सांगू शकत नाही, पण त्या "नीळ्ळु" म्हणाल्या. पाणी. आणि तो दारातनं पटकन म्हणाला, सकाळपासून दोन वेळा झालंय. तीन वर्षांची सवय. मी म्हणलं दादा, बर्फ आहे का घरात. फ्रिज नाही त्यांच्याकडं. तो काही न बोलता गाडी काढून गेला आणि वीस मिनिटांनी ज्यूसच्या गाड्यावरून पिशवीभर बर्फ घेऊन आला, अर्धा वितळलेला, पँट सगळी ओली झालेली.

फडक्यात घालून बत्त्यानं फोडला त्यानंच. आजींची मान थोडी वर धरली, त्या गिळतात का नीट ते आधी मी बघितलं, आणि मग त्याला म्हणलं तुम्ही द्या. नखाएवढा तुकडा त्यानं आईच्या ओठात ठेवला. आजींनी चोखला, परत तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, किती देऊ?

मी म्हणलं, आता मोजायचं नाही.

तो तिथंच आईच्या डोक्याशी बसला आणि मोठ्यानं रडायला लागला, एक हात तिच्या हनुवटीखाली तसाच. सून पण रडली, मी पण रडले, मॅडम, मी आवरलं नाही, पण हात थांबवला नाही. एकेक तुकडा देत राहिलो आम्ही आळीपाळीनं. आजींचा उजवा हात पोटावर होता आणि बोटं चालू होती.

निघताना सुनेनं जेवून जा म्हणून फार आग्रह केला. भात आणि चिंचेचं सार होतं. जेवले मी तिथं. इन्चार्ज सिस्टरना फोन करायचा राहिला, त्यांचाच आला.

खुर्ची नंबर ६ सर, आज दुपारी आमच्या युनिटमध्ये पाच नंबरच्या काकांनी विचारलं की आजी का येत नाहीत. मी शिफ्ट बदलली म्हणाले नाही. खरं सांगितलं. ते थोडा वेळ छताकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, ती मला रोज तेलुगूत शिव्या द्यायची, टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो म्हणून. आज टीव्ही लावलाच नाही त्यांनी.

मॅडम, एक विचारायचं राहिलं. ओठ फार फुटलेत, कडेला रक्त यायलंय, ग्लिसरीन लावलं तर त्यांना झोंबतंय, तोंड बाजूला घेतात. उद्या सकाळी सुनेला फोन करून काय सांगू?

-----

निवृत्त_परिसेविका
शुक्रवार, रात्री १०:४५

ग्लिसरीन बंद करा, फुटलेल्या ओठांना झोंबतं ते. आधी ओल्या कापसानं हळू पुसून घ्यायचं, खपली ओढायची नाही, आणि मग साजूक तूप नाहीतर साधं व्हॅसलीन, बोटावर अगदी थोडं घेऊन. तोंडाच्या आत जाईल एवढं लावायचं नाही. रात्रीच फोन कर, सकाळची वाट बघू नकोस, त्या घरात आज कुणी झोपलेलं नसणार.